सनदी शाळांचे छप्पर : अमेरिकेतील शाळागृह-पाहणीच्या इतिहासातील एक प्रकरण

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात १९९१ साली चार्टर शाळांविषयीचा पहिला कायदा संमत झाला आणि त्या कायद्यान्वये स्थापन झालेली पहिली शाळा, सिटी अकॅडमी, ७ सप्टेंबर १९९२ रोजी सेंट पॉल शहरात सुरू झाली. ती कोणत्या तत्त्वांवर चालली, तिच्यात विद्यार्थी कसे निवडले गेले, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती भरली कोठे, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. ती भरली नगरपालिकेच्या एका करमणूक-केंद्राच्या इमारतीत. त्यानंतरच्या तीस वर्षांत या शाळांची संख्या सुमारे ७,८०० वर गेली व १९२१-२२ च्या पिढीला कल्पनाही करता आली नसती अशी ही नवी सार्वजनिक शाळा २०२१-२२ साली सुमारे ३७ लक्ष मुलांना, म्हणजे सार्वजनिक शाळांतील एकूण मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांना, शिकवू लागली. परंतु जागेची ही पहिली अडचण सुटली नाही. चर्चचे तळघर, रिकामे पडलेले दुकान, जुने गोदाम, अशा ठिकाणी भरणाऱ्या चार्टर शाळा आजही दुर्मिळ नाहीत.

या जागांची पद्धतशीर पाहणी करून तिच्या आधारे पैशाची मागणी करण्याचा जो प्रयत्न गेल्या दोन दशकांत झाला, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रयत्न स्वयंभू नव्हे. शाळेच्या इमारतीची मोजणी करून तिच्यावरून न्यायाचा दावा उभा करण्याची अमेरिकेतील परंपरा पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे, आणि त्या परंपरेचे यशापयश ध्यानात घेतल्याखेरीज चार्टर शाळांच्या पाहणीचे खरे मोल ठरविता येणार नाही.

प्रथम 'चार्टर' या संज्ञेविषयी थोडेसे. चार्टर म्हणजे सनद. शासनाने अधिकार दिलेली एखादी संस्था शाळाचालकांना ठरावीक मुदतीची सनद देते. शाळा फी घेत नाही, सर्वांना खुली असते व सार्वजनिक पैशावर चालते, पण तिचा कारभार स्थानिक शाळा-जिल्ह्याच्या हाती नसतो. आपल्याकडील खासगी अनुदानित शाळांची आठवण येथे साहजिकच होईल. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून चालत आलेल्या अनुदान-पद्धतीत शिक्षकांच्या वेतनाचा भार सरकारने उचलावा आणि इमारत संस्थेने उभी करावी अशी वाटणी पुढे रूढ झाली, आणि गावोगावच्या संस्थांच्या अहवालांत 'इमारत निधी' हे कायमचे प्रकरण होऊन बसले. साम्य येथेच संपते, कारण अमेरिकेत ही वाटणी कोणी ठरवून केलेली नव्हती. ती अनवधानाने झाली.

ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकन शिक्षक-महासंघाचे अध्यक्ष आल्बर्ट शँकर यांनी १९८८ साली चार्टरची कल्पना देशापुढे मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळी इमारत नव्हतीच. चालू असलेल्या शाळेतच शिक्षकांच्या एखाद्या गटाने आपली निराळी शाळा चालवावी, शाळेच्या पोटात शाळा, अशी ती योजना होती. छप्पर आयते मिळणार होते. पुढे राज्याराज्यांच्या विधिमंडळांनी कायदे केले, त्यांत चार्टर शाळा जिल्ह्यापासून अलग झाली. पण पैशाचे गणित जुनेच राहिले. अमेरिकेत शाळेचा चालू खर्च आणि भांडवली खर्च हे दोन निरनिराळ्या झऱ्यांतून येतात. चालू खर्चासाठी राज्य व स्थानिक कर यांतून दर विद्यार्थ्यामागे रक्कम मिळते. इमारतीसाठी शाळा-जिल्हा मतदारांची संमती घेऊन कर्जरोखे काढतो आणि ते मालमत्ता-करातून फेडतो. चार्टर शाळेला पहिल्या झऱ्यातून वाटा मिळाला. दुसरा झरा तिच्यासाठी बंदच होता, कारण तिला करही बसविता येत नाही आणि तिच्या हद्दीत मतदारही नाहीत. परिणामी भाडे द्यावयाचे ते शिकविण्याच्या पैशातून.

आता मागे जाऊ. मॅसेच्युसेट्स राज्याच्या शिक्षण-मंडळाचे पहिले चिटणीस होरेस मान यांनी १८३७ साली सूत्रे हाती घेताच राज्यभर हिंडून शाळा पाहिल्या आणि १८३८ साली केवळ शाळागृहांविषयी एक स्वतंत्र अहवाल लिहिला. हवा खेळण्याची सोय, ऊब, मुलांच्या बैठका, रस्त्यालगतची जागा या गोष्टींना शासकीय अहवालात इतके गंभीर स्थान बहुधा त्यापूर्वी कोणी दिले नव्हते. कनेक्टिकटचे हेन्री बर्नार्ड यांनी तोच धागा पुढे नेला. त्यांचा शाळा-वास्तुशास्त्रावरील ग्रंथ १८४८ साली प्रसिद्ध झाला. या दोघांचा हेतू लोकांची लाज जागृत करण्याचा होता. ज्या गावात गुरांचा गोठा शाळेपेक्षा बरा, त्या गावाने विचार करावा, असा एकंदर सूर. वर्णन होते, मापन नव्हते.

मापन विसाव्या शतकात आले. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील जॉर्ज स्ट्रेअर आणि त्यांचे सहकारी एंगेलहार्ट यांनी शहरी शाळागृहांसाठी एक गुणपत्रक तयार केले. एकूण गुण १,०००. त्यांपैकी जागेला १२५, इमारतीच्या रचनेला १६५, उष्णता, पाणी, स्वच्छता इत्यादी यंत्रणांना २८०, वर्गखोल्यांना २९० आणि विशेष खोल्यांना १४०. तज्ज्ञाने शाळेतून फेरी मारावी, एकेका बाबीला गुण द्यावेत आणि बेरीज करावी. आज हे सारे काहीसे बालिश वाटेल. उजेडाला इतके गुण आणि जिन्याला तितके, हे ठरविले कोणी? तथापि या पत्रकाने एक मोठी गोष्ट साधली. दोन शाळा एका पट्टीवर आल्या. पूर्वी 'आमची शाळा वाईट आहे' एवढेच म्हणता येत असे. आता 'आमची शाळा त्यांच्यापेक्षा इतकी वाईट आहे' असे म्हणता येऊ लागले, आणि या दुसऱ्या वाक्यात दाव्याचे बीज आहे.

हे बीज दक्षिणेत रुजले. परंतु त्याआधी तेथे एक निराळा प्रयोग होऊन गेला होता, आणि सनदी शाळांच्या दृष्टीने तो अधिकच बोधक आहे. व्यापारी जूलियस रोझेनवाल्ड आणि टस्कीगी संस्थेचे बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सहकार्यातून १९१२ ते १९३२ या काळात दक्षिणेतील पंधरा राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळागृहे बांधली गेली. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लक्ष डॉलर. त्यांत रोझेनवाल्ड निधीचा वाटा सुमारे ४४ लक्ष, आणि कृष्णवर्णीय समाजाने स्वतः जमविलेली रक्कम सुमारे ४७ लक्ष, म्हणजे दात्याहून किंचित अधिकच. हे लोक करही भरत होते. करातून गोऱ्या मुलांच्या शाळा उभ्या राहत, आणि आपल्या मुलांच्या शाळेसाठी त्यांना पुन्हा निराळी वर्गणी काढावी लागे. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी याला दुहेरी कराचे स्वरूप म्हणून ओळखले आहे. चार्टर शाळांचे समर्थक आज जी तक्रार करतात, तिचा आकार हाच आहे. पालक जिल्ह्याच्या कर्जरोख्यांसाठी कर भरतात आणि त्यांच्या मुलांच्या शाळेचे भाडे पुन्हा वेगळे द्यावे लागते. आकार सारखा असला तरी वजन सारखे नाही, हेही सांगितले पाहिजे. १९२० च्या अलाबामातील शेतमजुराला दुसरी शाळा निवडण्याची मुभा नव्हती.

साउथ कॅरोलायना राज्यातील क्लॅरेंडन काउंटीचे प्रकरण पाहणीच्या सामर्थ्याचे आणि मर्यादेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. तेथे गोऱ्या मुलांसाठी तीस बसगाड्या होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. मागणीची सुरुवात १९४७ साली एका बसगाडीच्या अर्जापासून झाली. १९५० साली तिचे रूपांतर 'ब्रिग्ज विरुद्ध इलियट' या दाव्यात झाले. वादींच्या वतीने हॉवर्ड विद्यापीठातील शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक मॅथ्यू व्हाइटहेड यांनी समर्टन येथील शाळांची पाहणी केली आणि मे १९५१ मध्ये चार्ल्स्टन येथील न्यायालयात साक्ष दिली. गोऱ्यांच्या दोन शाळांत मुले २७६, आणि कृष्णवर्णीयांच्या तीन शाळांत ८०८; पण पहिल्या दोहोंच्या इमारती, जमीन व सामान यांची किंमत दुसऱ्या तिहींच्या चौपट होती. एकीकडे विटांचे बांधकाम, दुसरीकडे लाकडी खोल्या. नळाचे पाणी नाही, शौचालये बाहेर.

या आकड्यांना उत्तर नव्हते. प्रतिवादींच्या वकिलांनी उत्तर दिलेही नाही. सुनावणीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी विषमता मान्य केली आणि ती दूर करण्यास मुदत मागितली. राज्यपाल जेम्स बर्न्स यांनी तीन टक्के विक्रीकर बसवून व साडेसात कोटी डॉलरचे कर्जरोखे उभारून कृष्णवर्णीयांसाठी नव्या शाळा बांधण्याचा कार्यक्रम हाती घेतला होता. इमारती खरोखर उभ्या राहिल्या. पाहणी जिंकली, असे वरवर पाहता म्हणता येईल. परंतु बर्न्स यांचा हेतू उघड होता: विटांची बरोबरी केली की विभक्त शाळा टिकविता येतील. न्यायालयानेही दोनास एक अशा बहुमताने सोयींची बरोबरी करण्याचा हुकूम दिला आणि विभाजन कायम ठेवले. न्यायमूर्ती वेटीस वॉरिंग यांनी विरोधी मत नोंदविले. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन' खटल्यात, इमारती व इतर दृश्य गोष्टी समान झाल्या असे धरूनही विभाजनामुळे मुलांवर अन्याय होतो, असा निर्णय दिला, तेव्हा व्हाइटहेड यांच्या आकड्यांची सरशी निकालाच्या केंद्रस्थानी राहिली नव्हती. पाहणी जे मोजते ते ती वादातीत करते. जे तिच्या तक्त्यात नाही, ते प्रतिपक्षाला तिच्याच आडोशाने राखता येते.

यानंतर प्रश्न वर्णाकडून संपत्तीकडे वळला. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहराच्या एजवुड भागातील विद्यार्थी १९६८ च्या मे महिन्यात मोडकळीस आलेल्या शाळेच्या निषेधार्थ वर्गांबाहेर पडले, आणि त्यांच्या पालकांनी लावलेला दावा पुढे 'रॉड्रिग्झ' खटला म्हणून गाजला. एजवुडमध्ये कराचा दर शंभर डॉलरांच्या मालमत्तेस १.०५ डॉलर असूनही त्यातून दर मुलामागे २६ डॉलर येत. शेजारच्या अलामो हाइट्समध्ये ०.८५ दराने ३३३ डॉलर येत. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी हा दावा फेटाळला. मग लढाई राज्य-न्यायालयांत गेली. १९९४ साली ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने भांडवली खर्चाची स्थानिक करावर आधारलेली पद्धतच घटनाविरोधी ठरविली. १९९८ साली तेथे शाळागृहांचे किमान निकष ठरवून सर्व जिल्हा-शाळा तपासणारे मंडळ स्थापन झाले. ॲरिझोना हे चार्टर शाळांचे माहेरघर. पण या मंडळाच्या पाहणीत चार्टर शाळा नव्हत्या. त्यांना त्याऐवजी दर विद्यार्थ्यामागे काही अधिक रक्कम देऊन प्रश्न मिटविण्यात आला. काँग्रेसच्या जनरल अकौंटिंग ऑफिसने १९९५ साली सुमारे १०,००० शाळांचा नमुना घेऊन देशातील शाळागृहांच्या दुरुस्तीस ११२ अब्ज डॉलर लागतील असा अंदाज दिला, तेव्हाही चार्टर शाळा मूठभरच होत्या. मोजणीच्या सर्व मोठ्या यंत्रणा त्यांच्या जन्माआधी किंवा त्यांना वगळून उभ्या राहिल्या, हे येथे लक्षात घ्यावे.

म्हणून मोजणी त्यांनी स्वतःच केली. कोलोरॅडो राज्यातील चार्टर शाळांच्या संघटनेने २००७ साली एक अभ्यासगट नेमला आणि एप्रिल २००८ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. शाळांकडून प्रश्नावली भरून घेऊन खोल्यांचे क्षेत्रफळ, खेळगृह, वाचनालय, स्वयंपाकघर, भाडे व कर्ज यांची माहिती गोळा करण्यात आली. निष्कर्षांपैकी सर्वाधिक उद्धृत झालेला असा की, चार्टर शाळांना चालू खर्चाच्या रकमेतून दर विद्यार्थ्यामागे सरासरी ४८० डॉलर जागेवर खर्चावे लागतात. पुढे राष्ट्रीय संघटनेच्या साहाय्याने हाच नमुना जॉर्जिया, इंडियाना, टेक्सास आदी राज्यांत वापरण्यात आला.

या पाहणीतील मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब भाड्याची नव्हे, स्वयंपाकघराची आहे. संघराज्याच्या शालेय भोजन-योजनेत भाग घ्यावयाचा तर अन्न तयार करण्याची किंवा बाहेरून आणून नीट वाढण्याची विहित सोय हवी. दुकानाच्या गाळ्यात भरणाऱ्या शाळेला ती बहुधा नसते. अशी शाळा योजनेबाहेर राहिली तर गरीब मुलाचे जेवण जाते, एवढेच नव्हे. मोफत वा सवलतीच्या भोजनास पात्र मुलांचे प्रमाण हाच अमेरिकेत शाळेच्या दारिद्र्याचा नेहमीचा मापदंड आहे. कॅलिफोर्नियाने २००१ साली सुरू केलेले भाडे-अनुदानही याच प्रमाणावर अवलंबून होते. ज्या शाळेकडे भोजनाची व्यवस्था नाही, तिच्या मुलांच्या गरिबीची नोंदच अपुरी राहण्याचा धोका असतो. चूल नाही म्हणून भूक मोजली जात नाही.

परंतु या पाहण्यांवर आक्षेपही आहेत, आणि संशोधनपद्धतीच्या विद्यार्थ्याने ते नजरेआड करू नयेत. पहिला असा की मोजणारा आणि मागणारा एकच आहे. व्हाइटहेड हेही एका पक्षाचे साक्षीदार होते. पण त्यांची उलटतपासणी न्यायालयात झाली. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. पाहणी चालू शाळांची होते. जागाच न मिळाल्यामुळे जी शाळा उघडली नाही किंवा भाडे थकून बंद पडली, ती नमुन्यात येत नाही, आणि त्यामुळे अडचण प्रत्यक्षाहून लहान दिसते. याच्या उलट दिशेने जाणारा दोष असा की, क्षेत्रफळाचे निकष मोठ्या जिल्हा-शाळांसाठी ठरविलेले असतात. दीडशे मुलांच्या हेतुपूर्वक लहान ठेवलेल्या शाळेला ते लावले की उणीव फुगते. तिसरा आक्षेप ज्याच्याशी तुलना करावयाची त्याविषयी आहे. जिल्हा-शाळांचा इमारतखर्च कर्जरोख्यांच्या वेगळ्या खात्यात असतो, आणि मुले चार्टर शाळांकडे गेली म्हणून ते कर्ज कमी होत नाही. काँग्रेसच्या त्याच कार्यालयाने, आता गव्हर्न्मेंट अकौंटेबिलिटी ऑफिस या नावाने, २०२० साली दाखवून दिले की सुमारे ४१ टक्के जिल्ह्यांना आपल्या निम्म्या तरी शाळांतील वायुवीजन व उष्णता-शीतनाच्या यंत्रणा बदलणे वा सुधारणे आवश्यक होते. चार्टर शाळेची उणीव जिच्याशी ताडून पाहिली जाते ती शाळा सुस्थितीत आहे, हे गृहीत धरता येत नाही.

तरीही या पाहण्या निष्फळ ठरल्या नाहीत. कोलोरॅडोने २००८ सालीच शाळागृहांच्या बांधणीसाठी नवा कायदा केला, शाळांसाठी राखलेल्या जमिनींच्या उत्पन्नाचा आधार त्यास दिला, आणि चार्टर शाळांनाही अर्ज करण्याची मुभा ठेवली. त्या कायद्याने सर्व शाळागृहांची राज्यव्यापी तपासणीही सांगितली. संघटनेच्या तक्त्याची जागा राज्याच्या तक्त्याने घेतली. न्यूयॉर्कमध्ये प्रश्न निराळ्या वाटेने गेला. महापौर ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीत अनेक चार्टर शाळा चालू सार्वजनिक शाळांच्या इमारतींत बसविण्यात आल्या. त्यांच्यानंतरच्या महापौरांनी २०१४ साली काहींची जागा नाकारली, तेव्हा राज्य विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा करून नव्या वा वाढणाऱ्या चार्टर शाळांना शहराने जागा तरी द्यावी किंवा भाड्यास साहाय्य तरी करावे असे ठरविले.

कॅलिफोर्नियात मतदारांनी नोव्हेंबर २००० मध्ये 'प्रपोझिशन ३९' संमत केले होते. शालेय कर्जरोख्यांना लागणारे मताधिक्य त्याने दोन-तृतीयांशांवरून ५५ टक्क्यांवर आणले, आणि त्याच्या मोबदल्यात, जिल्ह्यातील किमान ८० मुले असलेल्या चार्टर शाळेला इतर शाळांशी वाजवी प्रमाणात तुल्य अशी जागा देण्याचे बंधन जिल्ह्यावर घातले. तुल्य म्हणजे किती? लॉस एंजेलिस जिल्हा आपल्या शिक्षक-विद्यार्थी प्रमाणावरून खोल्या देई. चार्टर शाळांच्या संघटनेचे म्हणणे असे की, तुलनेसाठी घेतलेल्या शाळांत प्रत्यक्ष किती वर्गखोल्या आहेत ते मोजावे. वाद दहा वर्षे चाललेला नसला तरी वरच्या न्यायालयापर्यंत गेला, आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शिक्षक नेमलेला असो वा नसो, मुलांसाठी उपलब्ध असलेल्या वर्गखोल्या मोजणीत धरल्या पाहिजेत. म्हणजे ज्या खोलीत कोणी नियमित वर्ग घेत नाही, तीही वर्गखोलीच. एरवी हा शब्दच्छल वाटेल. पण गरीब वस्तीतील शाळेत अशा 'रिकाम्या' खोलीत पुष्कळदा समुपदेशक बसतो, पालकांची केंद्रे चालतात, वाचनात मागे पडलेल्या मुलांना चार-चारच्या गटांत शिकविले जाते. चार्टर शाळेत येणारी मुलेही बहुधा त्याच वस्तीतील असतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या जिल्ह्याच्या मंडळाने असे धोरण स्वीकारले की, विशेष साहाय्याची गरज असलेल्या ठरावीक शाळांच्या आवारात चार्टर शाळांना जागा देणे शक्यतो टाळावे. संघटनेने त्याच वर्षी त्याविरुद्ध दावा लावला. अशा आवाराची पाहणी करावयाची झाली तर दोन्ही शाळांची मुले एकाच तक्त्यावर घ्यावी लागतील, आणि तो तक्ता कोणी आखावयाचा हे आधी ठरवावे लागेल.